भोये सरांचा भाग दुसरा

"पाचच मिनिटं, मॅडम," असं म्हणून गाडीतून उतरणारा माणूस पाऊण तासाने परत येतो, हे सहा वर्षांत मला पुरतं कळून चुकलं होतं. तरी दर वेळी मी गाडी बाजूला घेत होते. चूक कोणाची म्हणायची? माझीच. पण भोये सरांनी एकदा दुकानाच्या पाटीकडे बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव यायचा, की नाही म्हणणाऱ्यालाच आपण दुष्ट आहोत असं वाटावं.

आम्ही दोघं तलासरीच्या एका हायस्कूलमध्ये शिकवायचो. मी इतिहास, ते गणित. दोघंही राहायला डहाणू रोडजवळ सरावलीत. मी जुनी गाडी घेतली तेव्हा मुख्याध्यापकांनीच सुचवलं, "भोये सरांना बरोबर घेत जा, म्हणजे पेट्रोलही निम्मं होईल आणि सोबतही होईल." पेट्रोल निम्मं झालं, हे खरं. सोबतीबद्दल मात्र मला कोणी आधी सावध केलं नाही.

सर कॉमिक्स गोळा करायचे. एवढंच असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. कोणी नाणी गोळा करतं, कोणी आजार गोळा करतं. पण सर कॉमिक्सबरोबर त्या कॉमिक्सच्या नायकाची प्रत्येक वस्तूही धुंडाळायचे. हा नायक म्हणजे मशालवीर. सरांच्या लहानपणी त्याची पुस्तकं निघायची, मग बंद पडली, आणि अलीकडे कोणीतरी त्याला मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये पुन्हा उभं केलं. त्यामुळे दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या, चादरी, टोप्या, छोटे पुतळे अशा सगळ्यांवर आता तो होता. म्हणजे आमच्या वाटेवर असं एकही दुकान उरलं नव्हतं की जिथे सरांना उतरावंसं वाटणार नाही.

आणि खरेदीची पद्धत तर काय वर्णावी! खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात एक स्टीलची फूटपट्टी, कारण अंक अस्सल जुना की नंतर छापलेला, हे म्हणे लांबी-रुंदीवरून कळतं. जुन्या कागदाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हा दुसरा नियम. डहाणू स्टेशनजवळच्या जिग्नेशभाईंच्या रद्दीच्या दुकानात शिरताच सर पहिलं वाक्य म्हणत, "हात धुवायला पाणी द्या." जिग्नेशभाई पहिल्या वेळी म्हणाले, "अरे साहेब, आ तो पस्ती छे, प्रसाद नथी!" रद्दीला कोण हात धुऊन शिवतं! पण पाणी दिलं. पुढेपुढे सरांसाठी त्यांनी एक तांब्या वेगळाच ठेवला.

तिसरा नियम सगळ्यात पक्का. जे आपल्याकडे आहे त्याला हात लावायचा नाही. गठ्ठ्यातला अंक वर आला की सर नुसतं नाव वाचत, "आहे माझ्याकडे," आणि पुढे. "आहे. आहे. हाही आहे." वर्गात हजेरी घेतात त्याच सुरात. मी एकदा म्हटलं, "अहो, असेल, पण ही प्रत जरा बरी दिसतेय. बघा तरी." तर म्हणाले, "मॅडम, सुटलेलं गणित पुन्हा सोडवत नाहीत." मी कपाळावर हात मारला आणि गाडीत जाऊन बसले.

तलासरीच्या आठवडी बाजारातला एक प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. माझ्या भाचीचा वाढदिवस होता आणि तिला मशालवीरची पाण्याची बाटली हवी होती. मी मूर्खासारखी हे सरांसमोर बोलले. "मी निवडून देतो," म्हणून ते पुढे झाले. बाटल्यांच्या ढिगामागे एक पोक्त बाई बसली होती. सरांनी एक बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ही चुकीची आहे."

"गळते का?" बाईने विचारलं.

"मशाल डाव्या हातात आहे. मशालवीर मशाल उजव्या हातात धरतो. डाव्या हाताला त्याच्या जखम आहे, पाचव्या अंकापासून."

बाईने दुसरी बाटली दिली. तिच्यावरही डाव्या हातात. तिसरीवर मशाल उजव्या हातात होती, पण पट्ट्याचा रंग पिवळा. पट्टा तांबडा हवा. सरांनी एकेक करत वीस-पंचवीस बाटल्या रांगेत मांडल्या आणि प्रत्येकीची चूक बाईला समजावून सांगितली. भोवती गर्दी जमली. शेवटी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, पोर बाटलीतून पानी पिनार हाय, मशाल नाय पेटवनार. घेता का मी झाकून ठेवू?"

मी शेजारच्या दुकानातून साधी स्टीलची बाटली घेतली. भाची माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. सर मात्र गाडीत समाधानाने म्हणाले, "बरं झालं, चुकीची वस्तू घरात गेली नाही." मी त्या दिवशी चारोटीपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पण या सगळ्या वेडामागे एकच गोष्ट होती, आणि ती मला कळायला वर्षभर लागलं.

आमचा रस्ता गंजाडवरून जायचा. गंजाड आलं की बोलता बोलता सर एकदम मान वळवत आणि दुसऱ्या बाजूच्या शेताकडे बघत बसत. सकाळी जाताना उजवीकडे, संध्याकाळी येताना डावीकडे. गाव मागे पडलं की मान पुन्हा सरळ. मला आधी वाटलं, मान आखडली असेल. मग लक्षात आलं की एका बाजूला रस्त्याला लागून एक कौलारू घर आहे, अंगणात बाज टाकून एक म्हातारा बसलेला असतो, आणि सर जिकडे बघतात ती बरोबर त्याची उलटी बाजू असते. एकदा मी सरळच विचारलं.

"घर आमचं आहे," सर शेताकडे बघतच म्हणाले. "बसलेत ते माझे दादा. काशीदादा. आमचं बोलणं नाही."

"का?"

"त्यांनी माझा भाग दुसरा विकला."

मला वाटलं, जमिनीचा भाग. म्हटलं, हे तर घरोघरी असतं. पण नाही. भाग दुसरा म्हणजे 'पाताळतळ्यातला पिंजरा' या मशालवीरच्या अंकाचा भाग दुसरा! पहिल्या भागाच्या शेवटी दुष्ट कालिंदर मशालवीरला पिंजऱ्यात घालून तळ्यात सोडतो, पाणी गळ्यापर्यंत येतं, मशाल विझायला लागते, आणि खाली छापलेलं असतं, 'पुढे काय झालं? वाचा भाग दुसरा.' त्या दुसऱ्या भागावरून दोन सख्खे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

हकीकत अशी. बाप लवकर गेला. काशीदादाने दुसरीतच शाळा सोडली आणि शेत धरलं. धाकट्याला मात्र आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवलं. दादा भाजी घेऊन डहाणूच्या बाजारात जायचा आणि येताना धाकट्यासाठी मशालवीरचा अंक आणायचा. सुट्टीत सर घरी आले की दादाला तो वाचून दाखवायचे, कारण दादाला अक्षरं जुळवता यायची नाहीत. सगळे अंक एका पत्र्याच्या पेटीत. पुढे सर शिकायला नाशिकला गेले. शिक्षण संपवून परत आल्यावर त्यांनी पेटी उघडली, तर सगळे अंक ओळीने लावलेले आणि 'पिंजरा'चा भाग दुसरा नाही. सरांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी दादा ओरडला, "हां, इकला! काय करायचा ते कर!"

"कबूल केलं त्यांनी स्वतः," सर म्हणाले. "पुरावा आणखी काय पाहिजे?"

माझा राग अनावर झाला. ज्या माणसाने भाजी विकून अंक आणून दिले, त्याच्यावरच हा आळ? आणि एका अंकासाठी? मी तसं म्हटलंही. सर शांतपणे म्हणाले, "अंकाचं नाही मॅडम. विकायचं तर सांगून विकायचं."

एक गोष्ट मात्र मी विचारली होती. "सर, त्या दुसऱ्या भागात होतं तरी काय? मशालवीर सुटतो कसा?"

"तेच आठवत नाही ना! म्हणून तर हवाय. मुखपृष्ठ मात्र लख्ख आठवतं. हिरवं पाणी. पिंजऱ्याची एक सळई वाकलेली. आणि वरून एक हात पाण्यात येतोय. कोणाचा हात, ते आठवत नाही."

"बाकी सगळे अंक तुम्हाला चौकटीनिशी पाठ आहेत. आणि याचं फक्त मुखपृष्ठ?"

"हो."

गणिताचा शिक्षक! माझ्या डोक्यात तिथेच दिवा लागायला हवा होता. पण समोरून ट्रक येत होता आणि मी तो विषय सोडला.

वर्षातून एकदा मात्र सर त्या घरात जायचे. या पूर्वेकडच्या गावांत नवं भात देवाला दाखवल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात घालत नाही, आणि देव थोरल्याच्या घरी असतात. त्यामुळे भांडण असो की आणखी काही असो, नव्याच्या जेवणाला जावंच लागतं. "मग त्या दिवशी तरी बोलता का?" मी विचारलं. "वहिनीशी बोलतो," सर म्हणाले. म्हणजे शेजारी बसलेल्या भावापुढचं मीठ हवं असेल तर ते वहिनीला सांगायचं, वहिनीने ते उचलून इकडे द्यायचं. एके वर्षी वहिनी वैतागून म्हणाली म्हणे, "मी काय टपालवाली हाय का?" आणि उठून चुलीपाशी गेली. त्या वर्षी दोघं भाऊ आळणी जेवले.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधी सरांना वाटलं की आता काम झालं. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यातल्या नाशिकच्या एका गृहस्थांनी कळवलं, "भाग दुसरा मिळवून देतो. बदल्यात मशालवीरचा तो मोठा पुतळा द्या. पण डबा न उघडलेला पाहिजे." या जमवणाऱ्यांच्या जगात म्हणे डब्याचं सील फुटलं की आतली वस्तू कवडीमोल. आता हा पुतळा मिळवण्यासाठी आम्ही किती ठिकाणी फिरलो ते माझ्या गाडीला विचारा. शेवटी वापीच्या एका दुकानात तो सापडला. दोन फुटी, उजव्या हातात मशाल, पट्टा तांबडा. सरांनी दुकानदाराचे दोन्ही हात हातात घेतले. तो बिचारा घाबरला.

घरी ओल आहे म्हणून सरांनी तो डबा शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवला. तिथे माझं मन जरा कचरलं होतं, पण मी गप्प बसले.

आमच्या शाळेत दसऱ्याच्या सुट्टीआधी खंडेनवमीची पूजा असते. प्रयोगशाळेतल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, पृथ्वीगोल, शाळेची घंटा, कवायतीची लेझीम, सगळं मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. मांडामांड करायच्या त्या आमच्या मंजूमावशी. सकाळी आम्ही दोघं आत गेलो, तर सूक्ष्मदर्शक आणि घंटेच्या मधोमध मशालवीर उभा. कपाळाला ठसठशीत कुंकू, छातीवर हळद, गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर अक्षता. डबा फाडून, नीट घडी करून, कोपऱ्यात.

मला तर ब्रह्मांड आठवलं. "मावशी, अहो हे काय केलंत!"

मंजूमावशींना काही कळेना. "काय झालं? तुमीच म्हनालात सगळी हत्यारं मांडा. याच्या हातात मशाल हाय. मशाल हत्यारच की. आन डब्यात कोंडून ठेवायचं व्हय पूजेच्या दिवशी?"

मी आणखी बोलणार होते. पण सरांनी हात वर करून मला थांबवलं. ते पुतळ्यासमोर गेले, चप्पल बाजूला काढली, नमस्कार केला आणि म्हणाले, "छान मांडलंय मावशी."

त्या दिवशी परत येताना मी वाटेल ते बोलले. कपाट शाळेचं, अक्कल कोणाची, सगळं. सर ऐकत होते. गंजाड आलं, त्यांनी मान वळवली आणि शेताकडे बघतच म्हणाले, "पूजलेली वस्तू देऊन टाकता येत नाही. जाऊ द्या. पण अंक मिळाला असता ना मॅडम, तर निदान दादाशी बोलायला काहीतरी निमित्त झालं असतं. रिकाम्या हाताने काय बोलणार?"

सहा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की या माणसाला अंक नको आहे, भाऊ हवा आहे. आणि त्याहून जास्त चीड आली. अरे मग उतर ना गाडीतून! पन्नास पावलांवर बसलाय तो! पण हे मी मनातच म्हटलं.

मी माझ्या परीने एक केलं. नाशिकच्या गृहस्थांना फोन लावला आणि डबा उघडला गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग जमणार नाही." मी म्हटलं, "ठीक आहे, त्या भाग दुसऱ्याचा निदान फोटो तरी पाठवा." ते म्हणाले, पाठवतो. पाठवला नाही. पुन्हा मागितला, तर म्हणाले, अंक बँकेच्या लॉकरमध्ये आहे. मला त्या लॉकरची शंका आली, पण सरांना बोलले नाही. एवढी एकच आशा होती त्यांना.

मग मार्च उजाडला. सरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. एका शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही परत येत होतो, आणि जिग्नेशभाईंचा फोन आला. बोर्डीकडच्या कोणाच्या तरी घरातून जुन्या पुस्तकांची पोतीच्या पोती आली होती. "पाचच मिनिटं," सर म्हणाले. मी गाडी स्टेशनकडे वळवली.

दुकानात उकाडा असा की कागदाचासुद्धा घाम निघावा. पंखा बंद, वीज गेलेली. सरांनी हात धुतले, मांडी घातली आणि सुरू झाले. "आहे. आहे. हा आहे. हाही आहे." मी एका गठ्ठ्यावर बसले. पाच मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. सरांनी बाजूला टाकलेला एक अंक मी उचलला आणि वारा घ्यायला लागले.

"मॅडम, जपून. फाटेल," सर न बघता म्हणाले.

"तुमच्याकडे आहे ना? मग फाटू दे!" मी म्हटलं आणि आणखी जोरात हलवला. तोंडासमोर हिरवा रंग पुढेमागे होत होता. हिरवं पाणी. वाकलेली सळई. वरून पाण्यात येणारा हात.

मी थांबले. अंक उलटून पुढची बाजू बघितली. 'पाताळतळ्यातला पिंजरा, भाग पहिला.' पुन्हा मागची बाजू बघितली. मागच्या पानभर पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठाचं चित्र होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'लवकरच येत आहे! भाग दुसरा!'

"सर," मी म्हटलं, "तुमच्या पहिल्या भागाला मागचं पान आहे?"

"नाही. ते कापलेलं आहे."

"कोणी कापलं?"

सर उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले. मी अंक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हेच," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "मीच कापलं. ब्लेडने. खालची अक्षरं काढून टाकली आणि नुसतं चित्र वसतिगृहात खाटेच्या वर चिकटवलं. दहावीपर्यंत रोज झोपताना बघत होतो."

मी तिथल्या तिथे नाशिकला फोन लावला. या वेळी मी इतिहासाच्या तासाचा आवाज लावला होता. गृहस्थ दोन मिनिटांत वळणावर आले. "मॅडम, खरं सांगू का, तो अंक छापलाच नव्हता. जाहिरात आली आणि प्रकाशन बंद पडलं. ग्रुपवरच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे."

"मग आहे म्हणून कशाला सांगितलंत?"

"आहे असं कुठे म्हटलं? मिळवून देतो म्हटलं होतं."

बँकेचा लॉकर ते सोयीने विसरले होते. मी फोन बंद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. या दुकानात हा पहिला भाग दहा वेळा तरी येऊन गेला असेल आणि दहाही वेळा हा माणूस "आहे माझ्याकडे" म्हणून पुढे गेला असेल. जिग्नेशभाईंनी काही न विचारता तांब्या पुढे केला. सर पाणी प्यायले.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"गंजाडला."

"आज नको मॅडम. पुढच्या आठवड्यात बघू. मी आधी नीट विचार करतो. पत्र लिहितो."

"दादांना वाचता येतं?"

आणि मग माझा बांध फुटला. सहा वर्षांची सगळी पाच-पाच मिनिटं एकदम बाहेर आली. भर बाजारात, जिग्नेशभाईंसमोर, मी माझ्याहून वयाने मोठ्या माणसाला म्हणाले, "गाडीत बसा. एक शब्द बोलू नका." आणि ते बसले.

गंजाडपर्यंत ते खरंच बोलले नाहीत. अंक मांडीवर, मागची बाजू वर. घर आलं तेव्हा मान कुठे वळवावी ते त्यांना कळेना. मी गाडी अंगणाच्या कुडाला टेकवूनच उभी केली.

काशीदादा बाजेवर बसून गुरांचं दावं वळत होते. सरांनी कुडापाशी उभं राहूनच अंक पुढे धरला. "ही जाहिरात होती, दादा. दुसरा भाग निघालाच नव्हता. तू विकला नाहीस."

दादांनी दावं खाली ठेवलं नाही. "मला ठावं हाय. मीच नाय इकला, तं मला नाय ठावं?"

"मग विकला असं का म्हणालास?"

"तू गप बसत नव्हतास."

मी गाडीला टेकून उभी होते. त्या म्हाताऱ्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, पण त्या क्षणी जगात माझ्याइतकं त्याला कोणी समजू शकलं नसतं. चार दिवस त्याने सोसलं होतं. मी सहा वर्षं सोसलं होतं.

सर अंगणात गेले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तीस वर्षं चुकलं."

दादा बाजेवर जरा सरकले. सर बसले. वहिनी दारात आली, दोघांना एका बाजेवर बघून तशीच उभी राहिली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. दादांनी अंक हातात घेतला, ते चित्र लांब धरून बघितलं. "ह्यो हात कुनाचा?"

"माहीत नाही. छापलंच नाही ना पुढचं."

"हट्!" दादा वैतागून म्हणाले. आणि अंक भावाच्या मांडीवर टाकला. "जेवढा हाय तेवढा वाच."

मे महिन्यात सर निवृत्त झाले, सरावलीची खोली सोडून गंजाडला गेले. एप्रिलमध्येच मला माहेरी आईच्या आजारपणासाठी जावं लागलं, निरोपसमारंभही चुकला. त्यामुळे सर म्हटलं की मला आठवतो तो त्या दुपारचाच चेहरा. चष्मा नाकाच्या टोकावर, अंक दोन्ही हातांत, बोट ओळीखाली. वर्गात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते वाचत होते. कालिंदरचं खदाखदा हसणं, साखळ्यांचा आवाज, सगळं तोंडाने काढत. दादांचं दावं वळणं चालू होतं, मान खाली. मला वाटलं, ते ऐकतसुद्धा नाहीत.

सरांनी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले.

"थांब," दादा मान वर न करता म्हणाले. "घुबड म्हनतं ते सोडलंस."

सरांनी मागचं पान पुन्हा उघडलं. कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत झाडावर एक घुबड होतं. साऱ्या दुकानदारांना चुका दाखवत फिरणारे भोये सर त्या चौकटीकडे, मग दादांकडे बघत राहिले. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि घुबडाचं वाक्य वाचलं. ते वाचत असताना दादांचे ओठही तेच शब्द म्हणत होते.